मरुभूमीतील उडी मारणारे कृंतक आणि ‘अनुकूलनाची जनुके’ : पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना

२०२३ मध्ये ‘बीएमसी बायोलॉजी’ या नियतकालिकात केसाळ पायांच्या जेर्बोआंवरील एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जेर्बोआ हा आशिया व उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत राहणारा लहानसा कृंतक प्राणी. पुढचे पाय आखूड, मागचे अतिशय लांब, शेपटीच्या टोकाला झुबका आणि दोन पायांवर उड्या मारीत जाण्याची सवय ही त्याची ओळख. चीनमधील वेगवेगळ्या वाळवंटी प्रदेशांतील अशा ८३ प्राण्यांच्या संपूर्ण जनुकसंचाचे अनुक्रमण या निबंधाच्या लेखकांनी केले. उंच पठारावरील, अतिशुष्क, शुष्क आणि अर्धशुष्क प्रदेशांतील प्राण्यांची परस्परांशी तुलना करून नैसर्गिक निवडीचा ठसा कोणत्या जनुकांवर दिसतो, याचा शोध त्यांनी घेतला. वाळवंटी जीवनाचा ‘जनुकीय पाया’ शोधू पाहणाऱ्या अलीकडच्या लेखनात या निबंधाचे स्थान वरचे आहे. म्हणूनच त्यातील दावे कोणत्या प्रतीच्या पुराव्यावर उभे आहेत, हे तपासणे अगत्याचे ठरते.

प्रारंभीच एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. ‘अनुकूलन’ हा शब्द मराठी पाठ्यपुस्तकांत प्रक्रियेसाठीही येतो आणि त्या प्रक्रियेतून निपजलेल्या गुणासाठीही येतो. शिवाय प्राणी परिस्थितीशी ‘जुळवून घेतो’ असे वर्गात सहज म्हटले जाते. त्यामुळे एका प्राण्याने आपल्या आयुष्यात केलेली तडजोड आणि अनेक पिढ्यांच्या निवडीतून घडलेला आनुवंशिक गुण यांतील सीमारेषा पुसट होते. हा केवळ भाषेचा प्रश्न असता, तर येथे त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण पुढे दिसेल त्याप्रमाणे हीच पुसट रेषा जनुकशास्त्रीय लेखनातही वेगळ्या वेषात हजर आहे.

दोन पायांवर उडी मारणारे वाळवंटी कृंतक तीन खंडांत स्वतंत्रपणे निर्माण झाले. उत्तर अमेरिकेतील कांगारू उंदीर हेटेरोमायिडी कुलातील आहेत, जेर्बोआ डायपोडिडी कुलातील आहेत, तर ऑस्ट्रेलियातील नोटोमिस हे उडी मारणारे उंदीर आपल्या घरातील उंदराच्याच म्युरिडी कुलातील आहेत. रूप सारखे, रहिवास सारखा आणि वंश मात्र वेगळे. तेव्हा या सारखेपणाच्या मुळाशी जनुकेही सारखीच असतील काय, हा प्रश्न कोणालाही सुचावा असाच आहे. त्याचे उत्तर मात्र वाटते तितके सरळ नाही.

पाण्याचा जमाखर्च

या विषयाची प्रतिष्ठा ज्या संशोधनाने प्रस्थापित केली, ते जनुकशास्त्रीय नव्हते. नॉर्वेत जन्मलेले क्नुट श्मिट-नीलसन आणि त्यांच्या पत्नी, नोबेल पारितोषिक विजेते ऑगस्ट क्रोघ यांच्या कन्या, बोडिल श्मिट-नीलसन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात कांगारू उंदरांवर काम सुरू केले. हा प्राणी कोरडे धान्य खाऊन, पाण्याचा थेंबही न पिता जगतो हे आधीपासून ठाऊक होते. तो कसा जगतो, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरासाठी त्यांनी जी पद्धत अवलंबिली ती एखाद्या काटेकोर हिशेबनिसाला शोभणारी होती. शरीरात येणारे पाणी एका बाजूस, जाणारे पाणी दुसऱ्या बाजूस आणि शेवटी ताळा.

हा ताळेबंद आजही वाचण्यासारखा आहे. २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना १०० ग्रॅम सातू खाणाऱ्या कांगारू उंदराच्या शरीरात अन्नाच्या ज्वलनातून ५४ मिलिलिटर पाणी तयार होते आणि धान्यात मुरलेल्या ओलाव्यातून ६ मिलिलिटर मिळते. एकूण जमा ६० मिलिलिटर. खर्चाच्या बाजूस मूत्रावाटे १३.५, विष्ठेवाटे २.६ आणि श्वास व त्वचेवाटे होणाऱ्या बाष्पीभवनात ४३.९ मिलिलिटर. एकूण खर्च ६०. जमा व खर्च यांचा मेळ बसतो आणि कोणत्याही गूढ शक्तीचा आधार न घेता प्राणी जगू शकतो हे सिद्ध होते. हवा याहून कोरडी झाली की हा मेळ बिघडतो, हेही त्याच हिशेबातून कळते.

श्मिट-नीलसन दाम्पत्याने या हिशेबाला आव्हानही देऊन पाहिले. प्रथिनांनी समृद्ध असे सोयाबीन खाऊ घातल्यावर शरीरात यूरिया वाढतो आणि तो बाहेर टाकण्यास जास्त पाणी लागते. अशा स्थितीत कांगारू उंदरांना समुद्राचे पाणी पिण्यास दिले असता ते जगले. मनुष्याने समुद्राचे पाणी प्यायल्यास त्याच्या शरीरातील पाणी उलट कमीच होते, कारण मानवी वृक्काला तेवढे तीव्र मूत्र तयार करता येत नाही. माणसाच्या मूत्राची कमाल तीव्रता सुमारे १,४०० मिलिऑस्मोल असते. प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराची सुमारे २,९००, कांगारू उंदराची सुमारे ५,५०० आणि ऑस्ट्रेलियातील नोटोमिस अ‍ॅलेक्सिस या जातीची तर ९,००० च्याही वर नोंदली गेली आहे.

या कथेचे एक रूप भारतातील अध्यापकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातून दीर्घकाळ असे शिकवले गेले, की कांगारू उंदीर शरीरातील चरबीच्या ज्वलनातून पाण्याची सर्व गरज भागवतो. विधान लक्षात राहण्याजोगे असले तरी वरील ताळेबंदाशी ते जुळत नाही. सातूत मुख्यतः पिष्टमय पदार्थ असतात. पाणी तयार होते ते या रोजच्या अन्नाच्या ज्वलनातून, साठवलेल्या चरबीतून नव्हे. एक ग्रॅम चरबीतून सुमारे १.०७ ग्रॅम पाणी मिळते आणि एक ग्रॅम पिष्टातून ०.५६ ग्रॅम, त्यामुळे चरबी अधिक फायद्याची वाटते. परंतु प्राणी ग्रॅम मोजून जगत नाही, ऊर्जेची गरज भागवण्यासाठी खातो. दर किलोकॅलरीमागे पिष्टातून सुमारे ०.१३ ग्रॅम पाणी मिळते, चरबीतून ०.११ ग्रॅम. म्हणजे लाभ पिष्टाचाच. श्मिट-नीलसन यांनी ‘डेझर्ट अ‍ॅनिमल्स’ (१९६४) या ग्रंथात अशा समजुतींचा परामर्श घेतला असतानाही त्या टिकून राहिल्या, याचे कारण बहुधा असे, की ‘चरबीतून पाणी’ ही कल्पना गोष्ट म्हणून अधिक सुबक आहे.

ताळेबंदातील आणखी एका आकड्याकडे जनुकशास्त्राच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे होते. ६० पैकी जवळजवळ ४४ मिलिलिटर, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश पाणी, श्वास आणि त्वचा यांवाटे जाते. श्मिट-नीलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच दाखवून दिले होते, की कांगारू उंदराच्या नाकातील अरुंद मार्गात बाहेर पडणारी हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचा काही अंश नाकातच जमा होऊन वाचतो. वृक्काची कामगिरी थोर आहे यात शंका नाही. तिच्यामुळेच मूत्राचा खर्च १३.५ वर राहतो. तरीही जनुकांच्या शोधात वृक्काला जे अग्रस्थान मिळाले ते त्या प्राण्याच्या गरजेवरून मिळाले, की वृक्काचे शरीरक्रियाशास्त्र आधीच उत्तम माहीत असल्यामुळे तेथे शोधणे सोपे होते म्हणून मिळाले, असा प्रश्न विचारण्यास जागा आहे.

हा अभिजात अभ्यास अढळ नाही, हेही नमूद केले पाहिजे. सोनोरन वाळवंटात ट्रेसी आणि वॉल्सबर्ग यांनी केलेल्या क्षेत्रीय निरीक्षणांतून कांगारू उंदराच्या बिळातील हवा समजली जात होती तितकी थंड नसल्याचे २००२ मध्ये पुढे आले. त्याच संशोधकांनी एकाच जातीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या प्राण्यांत पाणी गमावण्याचा वेग वेगळा असल्याचे दाखवले, आणि हा फरक किती प्रमाणात जन्मजात व किती प्रमाणात वाढीच्या काळातील परिस्थितीमुळे आहे, हा प्रश्न प्रयोगाच्या पातळीवर आणला. ‘जुळवून घेणे’ आणि ‘अनुकूलन’ यांतील भेद त्यांनी मोजता येईल असा केला, हे त्यांचे खरे योगदान होय.

वृक्कापासून जनुकाकडे

रेण्वीय पातळीवरील पहिल्या महत्त्वाच्या निष्कर्षांपैकी एक अपेक्षेच्या अगदी विरुद्ध होता. पेशीच्या आवरणातून पाणी ने-आण करणाऱ्या प्रथिनांना अ‍ॅक्वापोरीन म्हणतात. पाणी वाचवणाऱ्या वृक्कात हे जलमार्ग विपुल असतील असा कोणीही तर्क करील. प्रत्यक्षात २००१ मध्ये असे आढळले, की मेरियम कांगारू उंदराच्या वृक्कात अ‍ॅक्वापोरीन-४ हे प्रथिन मुळी नाहीच. मूत्र तीव्र करण्यात अग्रेसर असलेल्या प्राण्याच्या वृक्कात एक जलमार्ग गैरहजर असावा, ही गोष्ट बरेच काही शिकवणारी आहे. जनुकाचे नाव आणि त्याचे सर्वसाधारण कार्य एवढ्यावरून एखाद्या प्राण्यातील त्याची भूमिका ठरवता येत नाही, हा त्यातील पहिला धडा.

त्यानंतर तंत्र बदलले. एकेक प्रथिन तपासण्याऐवजी वृक्कातील सर्व आरएनएचे अनुक्रमण एकाच वेळी करणे शक्य झाले. २०१४ मध्ये ‘मॉलिक्युलर इकॉलॉजी’मध्ये मारा, रोमेरो आणि डीवुडी यांनी हेटेरोमायिडी कुलातील तीन जातींची तुलना केली. दोन वाळवंटी होत्या, त्यांतील एक कांगारू उंदीर, आणि तिसरी उष्ण कटिबंधातील आर्द्र वनांत राहणारी. तिन्ही जाती तीन वेगळ्या उपकुलांतील असल्याने, वारशाने आलेला सारखेपणा आणि स्वतंत्रपणे निर्माण झालेला सारखेपणा वेगळा करण्याची सोय आराखड्यातच होती. आराखडा म्हणून हा अभ्यास आदर्शाच्या जवळ जातो.

निष्कर्षांची संख्यात्मक बाजू मात्र बारकाईने वाचावी लागते. वाळवंटी व आर्द्र प्रदेशातील जातींत १,८९० जनुकांच्या अभिव्यक्तीत सातत्यपूर्ण फरक आढळला. प्रथिन बदलणाऱ्या उत्परिवर्तनांचे प्रमाण आणि प्रथिन न बदलणाऱ्या उत्परिवर्तनांचे प्रमाण यांच्या गुणोत्तरावर आधारलेली निवडीची कसोटी लावली असता ३२३ पैकी सहा जनुके उत्तीर्ण झाली. एकाच वेळी अनेक चाचण्या केल्या की काही केवळ योगायोगाने यशस्वी ठरतात. त्यासाठी संख्याशास्त्रात जी दुरुस्ती करतात ती केल्यावर एकच जनुक शिल्लक राहिले. आणि तरीही या अभ्यासाचे समारोपाचे विधान असे, की जनुकांचा अनुक्रम आणि अभिव्यक्ती या दोन्ही गोष्टी नैसर्गिक निवडीने घडवल्याचे या माहितीवरून सूचित होते. अनुक्रमाच्या बाजूने एका जनुकाचा पुरावा आहे. अभिव्यक्तीच्या बाजूने १,८९० चा आकडा भारदस्त असला, तरी वेगळ्या परिस्थितीतून पकडलेल्या प्राण्यांच्या वृक्कात जनुके वेगळ्या प्रमाणात कार्यरत असणे हे तात्कालिक प्रतिसादानेही घडू शकते. ट्रेसी आणि वॉल्सबर्ग यांनी ज्या भेदासाठी प्रयोग योजले, तो भेद येथे पुन्हा मिटला आहे.

या दृष्टीने मॅकमेन्स यांचे निवडुंगी उंदरावरील काम अधिक समाधान देते. हा प्राणी वाळवंटी असला तरी उड्या मारणारा नाही. येथे त्याचा उल्लेख केवळ पद्धतीपुरता. त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राण्यांचे पाणी तोडून, त्यांच्या रक्तातील निर्देशांक आणि वृक्कातील जनुकांचा प्रतिसाद एकत्र मोजला आणि तीव्र निर्जलीकरणातही वृक्काला इजा होत नसल्याचे दाखवले. येथे जनुकांची यादी प्राण्याच्या प्रत्यक्ष अवस्थेला बांधलेली आहे.

गोष्ट रचण्याचा मोह

जीवशास्त्रातील या मोहावर सर्वांत गाजलेली टीका १९७९ ची आहे. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांनी व्हेनिसच्या सॅन मार्को चर्चमधील कमानींचा दाखला दिला होता. दोन कमानी काटकोनात जोडल्या की त्यांच्यामध्ये त्रिकोणी जागा आपोआप उरते. तेथे सुंदर चित्रे काढलेली असली तरी ती जागा चित्रांसाठी निर्माण केलेली नसते. प्रत्येक गुणाला उपयोग चिकटवून तो निवडीने घडला असे मानणे म्हणजे चित्रांसाठी कमान उभारली असे म्हणणे. वाङ्मयाच्या अध्यापकांना आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट अशी, की या वृत्तीला त्यांनी व्हॉल्तेअरच्या ‘कांदीद’मधील पँग्लॉस या पात्राचे नाव दिले. जे आहे ते सर्वोत्तमच आहे, असे मानणारा तो तत्त्वज्ञ.

जनुकसंचांच्या युगात या टीकेचे नवे रूप पुढे आले. पाव्हलिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर असे जनुकीय नमुने तयार केले, की ज्यांत धन निवडीचा अंशही नव्हता. त्यांवर नेहमीच्या चाचण्या चालवल्या असता काही जनुके ‘निवडलेली’ म्हणून पुढे आलीच. त्या जनुकांच्या कार्याच्या नोंदी पाहिल्या, तर त्यांतून पटण्याजोगी कथाही उभी राहत होती. कथा पटते म्हणून निष्कर्ष खरा, असे म्हणण्याचा मार्ग यामुळे बंद झाला. बॅरेट आणि हुकस्ट्रा यांनी २०११ मध्येच अपेक्षा स्पष्ट केली होती, की जनुकातील बदल, शरीरातील गुण आणि त्या गुणाचा जगण्यावरील परिणाम ही तिन्ही जोडल्याशिवाय अनुकूलनाचा दावा पूर्ण होत नाही.

ही अपेक्षा अवास्तव नाही, याचे उदाहरण कांगारू उंदराच्याच कुलात आहे. अ‍ॅरिझोनात पिनाकाटे भागातील काळ्या लाव्हा खडकावरचे ‘रॉक पॉकेट माउस’ काळे असतात आणि जवळच्या फिकट खडकावरचे फिकट. २००३ मध्ये नॅकमन, हुकस्ट्रा आणि डी’ॲगोस्टिनो यांनी या काळ्या रंगाचा संबंध एमसी-१-आर या जनुकातील चार बदलांशी जोडला. रंग, खडक आणि जनुक यांची सांगड तेथे स्पष्ट दिसते. आणि त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतील लाव्हावरच्या तितक्याच काळ्या उंदरांत ते बदल नसल्याचे दिसून आले. एकाच जातीत, सारख्याच खडकावर, सारखाच रंग, पण वेगळ्या जनुकांतून! एवढ्या जवळच्या नात्यात जर असे घडते, तर तीन खंडांतील तीन कुलांनी एकच जनुकीय वाट चोखाळली असेल ही अपेक्षा फार जपून ठेवावी लागेल.

त्र्याऐंशी जेर्बोआ

आता मूळ निबंधाकडे. त्याचे पहिले गुणवैशिष्ट्य असे, की ‘वाळवंट’ हा एकजिनसी शब्द त्याने फोडला. पूर्वीचे अभ्यास बहुतांशी वाळवंटी विरुद्ध बिगर-वाळवंटी अशी तुलना करीत. येथे तुलना वाळवंटांमध्येच आहे. वार्षिक सरासरी पाऊस ७० मिलिमीटरपेक्षा कमी असलेले अतिशुष्क प्रदेश, २०० पेक्षा कमी असलेले शुष्क प्रदेश आणि ३६० पेक्षा जास्त असलेले अर्धशुष्क प्रदेश अशी वर्गवारी लेखकांनी केली. शिवाय ३,००० मीटरहून उंच आणि ५०० मीटरपेक्षा सखल अशी वेगळी तुलनाही केली. वाळवंट म्हणजे उष्णता आणि वाळू, हे पाठ्यपुस्तकी चित्र यातून मोडते. मध्य आशियाच्या वाळवंटांत हिवाळा कडाक्याचा असतो आणि पठारावर प्राणवायूही विरळ असतो.

दुसरा मोलाचा निष्कर्ष वर्गीकरणाचा आहे. चीनमधील केसाळ पायांचे जेर्बोआ एका जातीचे नसून तीन जातींचे आहेत, असे जनुकसंचांवरून दिसून आले. परंतु हाच निष्कर्ष पुढील विवेचनाला अडचणीचा ठरतो. ज्यांची तुलना करावयाची ते समूह जर वेगवेगळ्या वंशरेषांचे असतील, तर त्यांच्यातील फरक परिस्थितीमुळे पडला की दीर्घकाळ विभक्त राहिल्यामुळे पडला, हे वेगळे करणे अवघड होते. समूह लहान असल्यास जनुकीय विचलनानेही अशा खुणा उमटतात. हेटेरोमायिडींच्या अभ्यासात वंशवृक्षाच्या आधाराने जे नियंत्रण ठेवले होते, त्याची गरज येथे अधिकच होती.

उंचीच्या तुलनेत दोन जनुके ठळकपणे पुढे आली. एचआयएफ-१-एएन हे पेशीला प्राणवायूच्या कमतरतेची जी जाणीव होते तिच्या नियंत्रणाशी निगडित आहे. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले, आणि तिच्यातील अन्य जनुकांवर तिबेटी लोकांतही निवडीचा ठसा सापडला आहे. तेव्हा हा अन्वयार्थ पूर्वज्ञानाशी सुसंगत आहे. दुसरे जनुक एटीआर. डीएनएला इजा झाली असता दुरुस्तीची यंत्रणा जागी करणे हे त्याचे काम. उंच पठारावरील प्रखर अतिनील किरणांशी त्याचा संबंध निबंधात जोडला आहे.

येथे साधी शंका उपस्थित होते. जेर्बोआ हा निशाचर आहे. दिवसभर तो बिळात असतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. अतिनील किरण ज्याच्या अंगावर क्वचितच पडत असतील, त्या प्राण्यात त्या किरणांमुळे एखादे जनुक निवडले गेले, हे म्हणणे पटवून देण्यासाठी वेगळा पुरावा लागेल. एटीआर हे प्रथिन प्राणवायूच्या तीव्र अभावातही सक्रिय होते, हे पेशींवरील प्रयोगांतून २००० च्या दशकाच्या आरंभापासून ज्ञात आहे. म्हणजे दोन्ही जनुकांचा अर्थ एकाच कारणाने, प्राणवायूच्या कमतरतेने, लावण्याचा मार्ग मोकळा आहे. तो अधिक काटकसरीचाही आहे. ‘पठार’ म्हटले की ‘प्रखर ऊन’ आणि ‘डीएनए दुरुस्ती’ म्हटले की ‘अतिनील किरण’ अशी साखळी चटकन जुळते. प्राण्याची दिनचर्या त्या साखळीत कोठेच नाही.

अतिशुष्क प्रदेशातील प्राण्यांत पाण्याच्या आणि ऊर्जेच्या संतुलनाशी संबंधित जनुके आढळली, आणि ऊर्जेच्या बाबतीत निवड अधिक तीव्र दिसली. त्यावरून पाणी व अन्न यांची टंचाई हीच वाळवंटी अनुकूलनाची मुख्य प्रेरणा असावी, असे लेखक सुचवितात. ‘असावी’ हा संयम त्यांच्या पदरी जमा केला पाहिजे. तरीही ऊर्जेच्या जनुकांचा आणखी एक अर्थ संभवतो. केसाळ पायांचा जेर्बोआ शीतनिद्रा घेतो. शरद ऋतूत चरबी साठवणे आणि महिनोन्महिने ती पुरवून वापरणे हे ज्या प्राण्याच्या वार्षिक क्रमात आहे, त्याच्या ऊर्जाविषयक जनुकांवर पावसापेक्षा हिवाळ्याच्या लांबीचा प्रभाव अधिक असणे शक्य आहे. पावसाच्या आकड्यांवरून केलेल्या वर्गवारीत ही शक्यता दिसत नाही, कारण कोरडेपणा आणि थंडी हे दोन घटक मध्य आशियात स्वतंत्रपणे हिंडत नाहीत. शिवाय पावसाचा आकडा हवामान केंद्राला कळतो, जेर्बोआला नव्हे. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो वनस्पतींतील ओलावा आणि बिळातील आर्द्रता. तो हिरवी पाने, बिया आणि कीटक खातो. म्हणून केवळ सुक्या सातूवर काढलेला कांगारू उंदराचा ताळेबंद त्याला जसाच्या तसा लावताही येणार नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र जमाखर्च मांडावा लागेल.

भारतीय वाचकाला येथे एका ग्रंथाचे स्मरण व्हावे. ईश्वर प्रकाश आणि पी. के. घोष यांनी संपादित केलेला ‘रोडंट्स इन डेझर्ट एन्व्हायर्नमेंट्स’ (१९७५). थरच्या वाळवंटातील कृंतक जेर्बोआसारखे दोन पायांवर उड्या मारीत नाहीत, त्यामुळे या लेखाच्या विषयात ते थेट बसत नाहीत. परंतु प्राण्याचे बीळ, आहार, ऋतुक्रम आणि शरीरक्रिया यांचा एकत्र विचार करण्याची त्या ग्रंथाची दृष्टी आजच्या जनुकसंचांच्या निबंधांत अभावानेच आढळते.

पायांचा प्रश्न

गंमत अशी, की उडी मारणाऱ्या कृंतकांविषयी जनुकीय पुराव्याचे सर्वांत भक्कम उदाहरण पाण्याशी संबंधित नाही. ते पायांविषयी आहे. किंबर्ली कूपर यांच्या गटाने २०२२ मध्ये ‘करंट बायोलॉजी’त इजिप्तमधील लहान जेर्बोआ आणि घरउंदीर यांच्या हाडांच्या वाढीच्या कूर्चांची तुलना प्रसिद्ध केली. जेर्बोआचे हात उंदरासारखेच असतात, तळपायाची हाडे मात्र विलक्षण लांब. म्हणून हात व पाय या दोहोंची दोन जातींत तुलना केली, की केवळ पायांच्या लांबीशी निगडित फरक वेगळे काढता येतात. समान जनुकांपैकी सुमारे १० टक्के या लांबीशी संबंधित आढळली. लेखक तेथे थांबले नाहीत. शॉक्स-२ हे जनुक जेर्बोआच्या तळपायात कार्यरत असते, जेथे ते इतर पृष्ठवंशीयांत आढळलेले नव्हते. हे जनुक उंदराच्या पायाच्या टोकाकडील भागात कार्यरत केले असता तेथील हाडांची लांबी वाढते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. यादीतून एक नाव उचलून त्याची परीक्षा घेतली गेली. २०१४ आणि २०२३ च्या निबंधांच्या शेजारी हा निबंध ठेवला, की फरक डोळ्यांत भरतो.

मात्र लांब पाय हे वाळवंटाचे अनुकूलन आहे काय? मूर आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासाप्रमाणे दोन पायांवरील जेर्बोआची धाव चार पायांवर पळणाऱ्या शेजारच्या कृंतकांपेक्षा अधिक अनिश्चित असते. तो पुढच्या क्षणी कोणीकडे वळेल याचा अंदाज शिकारी प्राण्याला येत नाही आणि म्हणून तो उघड्या जागी वावरू शकतो. म्हणजे येथे निवड करणारा घटक पाण्याचा अभाव नसून झुडपांचा अभाव आहे. आडोसा नाही, म्हणून उडी. कांगारू उंदराचा मोठा मध्यकर्णही याच बाजूचा आहे. घुबडाच्या पंखांचा आणि सापाच्या झेपेचा मंद आवाज त्याला त्यामुळे ऐकू येतो. ‘वाळवंटी अनुकूलन’ या एका नावाखाली वृक्क, नाक, पाय आणि कान एकत्र आले तरी त्यांना घडवणारी कारणे एक नाहीत, आणि त्यांची जनुके एका यादीत शोधणे कितपत उचित आहे याचा विचार झालेला नाही.

शॉक्स-२ साठी जो प्रयोग झाला त्याच्या तोडीचा प्रयोग वृक्काच्या बाबतीत करावयाचा, तर सोयीचा प्राणी जेर्बोआ नव्हे. ऑस्ट्रेलियातील नोटोमिस हा घरउंदराच्याच कुलातला. घरउंदराच्या जनुकांत नेमका बदल करण्याची तंत्रे प्रयोगशाळांत रुळलेली आहेत, आणि मूत्राच्या तीव्रतेत नोटोमिस कांगारू उंदरालाही मागे टाकतो. त्याच्यातील एखादा बदल घरउंदरात आणून, पाणी तोडून, मूत्र मोजता येईल. मिलिऑस्मोलमध्ये येणारा तो एक आकडा १,८९० जनुकांच्या यादीपेक्षा अधिक बोलका असेल.